चौथ्या जुडीचा शेवट

‘छान आहे’ म्हणणाऱ्या माणसाला आमच्या टेबलाशी जागा नाही. ‘भाषा ओघवती आहे’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवतो. ओघवता नळ असतो. कादंबरीनं तुझं काय केलं ते सांग. झोप उडवली, डोकं फिरवलं, की नुसतीच दुपार खाल्ली? आमच्याकडं एवढंच विचारतात, आणि तेवढ्यानं भल्याभल्यांची बोबडी वळते.

आमची बैठक पुस्तक-बांधणीच्या कारखान्यात भरते. शनिवारी पाळी सुटली की घडी घालायचं लांब टेबल पुसायचं, खळीचे डबे खाली ठेवायचे आणि खिडक्या सताड उघडायच्या, म्हणजे खळीचा आंबूस वास जरा बाहेर जातो. मग बसायचं, चहा ओतायचा आणि भांडायचं. मी शिलाईच्या मशीनवर असते. हातातलं हत्यार आणि तोंडातली जीभ, दोन्हींमुळं मला सगळे ‘सुई’ म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. बोथट म्हटलं असतं तर आला असता.

आमची वाचायची रीत मात्र तुम्हाला दुसरीकडं सापडायची नाही. एका कादंबरीची प्रत एकच आणि वाचणारे सात. एकानं संपवेपर्यंत बाकीच्यांनी काय माशा मारायच्या? म्हणून नवी कादंबरी आली की उस्ताद, म्हणजे आमचे मुख्य बांधणीवाले, तिचं कव्हर सोलतात, दोरा कापतात आणि तिच्या पाच जुड्या करतात. पहिली जुडी माझी वाचून झाली की ती पुढच्याकडं जाते आणि मी दुसरी घेते. अशी एकच कादंबरी एकाच वेळी पाच घरांत वाचली जाते. आता पुस्तक छापतात ते सोळा सोळा पानांच्या घड्यांत. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. उस्ताद फर्मा संपतो तिथंच पुस्तक सोडवतात, कारण फर्म्याच्या पोटात सुरी घातली की पानं सुटी होतात. त्यामुळं जुडी कुठं संपणार ते लेखकाच्याही हातात नसतं. ‘तिनं दार उघडलं आणि समोर’... संपली जुडी! समोर कोण, यम की पोस्टमन? पुढची जुडी हातात पडेपर्यंत जीव टांगणीला.

आणि पुढची जुडी कुणी आणून देत नाही. मागावी लागते. हा आमचा जुना नियम. जिची पुढची जुडी कुणी मागितली नाही, ती कादंबरी तिथंच मेली असं समजायचं. मागे एका जाडजूड कादंबरीची तिसरी जुडी उस्तादांच्या टेबलावर तशीच पडून राहिली. शेवटी त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली.

सगळ्यांचं वाचून झालं की मतं मांडायची आणि मग हात वर करायचे. ‘बांधा’ म्हणणारे जास्त निघाले, तर पाचही जुड्या पुन्हा शिवून, कापडी पाठीची पक्की बांधणी करून कपाटात. नाहीतर कटिंग मशीनखालच्या पोत्यात, रद्दीबरोबर. नुसती छापली म्हणून कुठलीही कादंबरी आमच्याकडं जगत नाही. आमच्या कपाटात पुस्तकं थोडी आहेत, पण त्यातलं एकेक भांडून आत आलंय.

या बैठकीत मी माझ्या भावजयीला आणलं. धाकट्या भावाची बायको. कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. ढगळ ते आत घे, आखूड ते सोड, दिवसभर लोकांच्या कमरा आणि बाह्या. घरात बोलायची कमी. पण एकदा स्वयंपाकघरात मी कुठल्याशा कादंबरीचं कौतुक करत होते, तर भांडी पुसता पुसता म्हणाली, “ताई, तुम्ही नायकाबद्दलच बोलताय. त्याच्या बहिणीनं एवढं केलं, ती कुठं गेली?” मी गारच पडले. ती बहीण मला आठवतसुद्धा नव्हती. त्याच शनिवारी तिला टेबलाशी बसवलं आणि सगळ्यांना छाती पुढं काढून सांगितलं, “ही आमची. जपून बोला.”

तिच्या वाट्याला पहिलीच आली ती खाणीची कादंबरी. दगडाच्या खाणीवर वजनकाटा सांभाळणारी एक बाई. ट्रक येतात, ती वजन करते, आकडा लिहिते. मालक तिला काटा मारायला लावतो आणि ती वर्षानुवर्षं मारत राहते, कारण खोली मालकाची, पाणी मालकाचं. चौथ्या जुडीत ती एका सकाळी काट्याला कुलूप घालते, किल्ली मालकाच्या तळहातावर ठेवते आणि चालू लागते. चौथ्या जुडीतलं शेवटचं वाक्य असं: फाटक तिनं उघडंच ठेवलं.

पाचव्या जुडीत ती भावाकडं जाते, आजारी पडते, मालकाचा मुलगा माफी मागायला येतो, दोघांचं लग्न होतं आणि बाई मालकीण होऊन परत त्याच काट्यावर येऊन बसते. सगळं गोड गोड. मला तर ती जुडी वाचून घशाखाली साखरेचा पाक ओतल्यासारखं झालं.

बैठकीच्या दिवशी टेबलाशी आम्ही सातजण. उस्ताद; कटिंग मशीन चालवणारा कटर, ज्याची जीभ मशीनपेक्षा धारदार; दवाखान्यातल्या सिस्टर, ज्या ड्युटीवरून थेट येतात; पॅकिंगच्या दोघी मावसबहिणी, ज्यांचं मत कायम एकच असतं; भावजय आणि मी. नव्या माणसानं पहिल्यांदा बोलायचं, म्हणजे दुसऱ्याचं मत उसनं घेता येत नाही. भावजय उभी राहिली. उभं राहायची काही गरज नव्हती, पण राहिली.

“मला ही कादंबरी बांधून हवीय,” ती म्हणाली. “दुसऱ्या जुडीत कंटाळा आला. ट्रकांची वर्णनं फार. पण शेवट! असा शेवट मी वाचला नव्हता. बाई निघाली, कुठं निघाली ते सांगितलंच नाही. का सांगावं? तिचा पत्ता विचारणारे आपण कोण? आणि ते फाटक. ती लावूनही गेली नाही. मी पुस्तक मिटलं आणि मशीनवर बसले, तर दुपारभर एक बाही उलटीच शिवत होते.”

मला वाटलं, बाईनं मैदान मारलं. मी कटरकडं अशी बघत होते, जशी पोरीचा पहिला नंबर आल्यावर आई शेजारणीकडं बघते.

कटरनं कप खाली ठेवला. “वहिनी, आणि लग्नाचं काय?”

“कुणाच्या लग्नाचं?”

बस. टेबलाला हसू फुटलं. मावसबहिणी एकमेकींच्या अंगावर पडल्या. उस्तादांनी चष्मा काढून डोळे पुसले. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली आणि पाचवी जुडी काढून टेबलावर ठेवली. “माझ्याकडंच होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मागितली नाहीत. मला वाटलं, कंटाळून सोडली असेल.”

काय झालं होतं ते मला तेव्हा लख्ख दिसलं. बाकीच्या सगळ्या जुड्या वाक्याच्या मध्येच तुटलेल्या, त्यामुळं ती पुढची मागत गेली. चौथी जुडी नेमकी प्रकरण संपतं तिथं संपली होती. पूर्णविराम, खाली अर्धं पान कोरं. आणि जुड्या पाच असतात हे तिला सांगायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्यासारखी तुकड्यांत वाचणारीच माणसं असल्या खड्ड्यात पडणार. अखंड पुस्तक वाचणाऱ्याच्या बोटांना पुढची पानं लागतात.

“मुलाकडचे आले, मांडव पडला, आणि नवरीची पाठराखीण अजून फाटकापाशीच उभी!” कटर म्हणाला.

भावजयीचा चेहरा लालभडक झाला. पण बसली नाही. मीच ओरडले, “ए कात्री, तोंड आवर! सगळं वाचल्याशिवाय मत धरायचं नाही, हा नियम आहे. पुढच्या शनिवारी हात वर करू.”

“आठ दिवसांनी काय फरक पडणार?” उस्ताद म्हणाले. “पाचव्या जुडीनं माती केलीय. आपल्या सगळ्यांचं एकमत आहे. पोतं वाट बघतंय.”

“वाट बघू दे. पोत्याला काय काम असतं दुसरं?”

पाचवी जुडी तिनं पदराखाली घेतली नाही की पिशवीत घातली नाही. हातात धरून रस्त्यानं चालत घरी आली. मी सोबत होते.

रविवारी सकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसून वाचत होती. भाऊ दोनदा चहा विचारून परत आला. शेवटी ती आत आली आणि जुडी ओट्यावर अशी आपटली की भाऊ म्हणाला, “झुरळ होतं का?”

“तिला काय झालं होतं परत जायला?” ती माझ्यावरच ओरडली. “भाकरी मिळत नव्हती? हात मोडले होते? काटा सोडून दुसरं काही येत नव्हतं तिला?”

“अगं, मला काय विचारतेस? मी लिहिलीय का?”

“तुम्ही वाचली होतीत. मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगायचं नसतं.”

“एक बैठकवाली होती घरात,” भाऊ म्हणाला, “आता दोघी झाल्या. मी आपला डबा लावतो कुठंतरी.”

“तू गप बस!” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

मग मी तिला सल्ला दिला, आणि तो शहाणपणाचाच होता असं मला तेव्हा वाटत होतं. म्हटलं, “शनिवारी सरळ सांग, वाचण्यात चूक झाली. कुणी खाऊन टाकत नाही. माझंसुद्धा मत बाकीच्यांसारखंच आहे, पोत्यात घाला.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक चुकीचं माप सांगतं तेव्हा दुकानात बघत असेल. “माझी वाचण्यात चूक झालेली नाही, ताई. मी कमी वाचलं. जेवढं वाचलं तेवढं बरोबर वाचलं.”

“पण मग आता? पुस्तक तर तेच आहे ना?”

“तेच तर बघायचंय,” ती म्हणाली आणि कणीक मळायला घेतली. एवढी मळली की पोळ्या कापसासारख्या झाल्या.

आठवडाभर तिनं त्या पाचही जुड्या पुन्हा वाचल्या. मी मध्ये बोलले नाही. खरं सांगायचं तर माझा जीव वर-खाली होत होता. मी ज्या टेबलाशी छाती पुढं काढून तिला नेलं होतं, तिथं ती दुसऱ्यांदा हसं करून घेणार की काय! आणि त्याहून मोठी भीती ही, की ती मान खाली घालेल, ‘तुमचंच बरोबर’ म्हणेल आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. असली माणसं मी पाहिलीत. एकदा त्यांना कुणी हसलं की जन्मभर ‘छान आहे’ म्हणत राहतात.

शनिवार उजाडला. चहा ओतला. कटर दबा धरूनच बसला होता.

“काय वहिनी, लग्नाचं जेवण कसं होतं?”

“आंबलेलं,” ती म्हणाली. “पण त्यासाठी तुम्ही अख्खं घर पाडायला निघालात.”

मी खुर्चीत सरसावून बसले.

“पाचवी जुडी वाईट आहे,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता त्याहून वाईट आहे. ज्या बाईनं कुलूप घातलं ती बाई पाचव्यात नाहीच. तिचं नाव घेऊन दुसरीच कुणीतरी आजारी पडलीय. पण एका वाईट जुडीसाठी चार जुड्या रद्दीत? आमच्या दुकानात एखाद्याची बाही बिघडली म्हणून कुणी कोट जाळत नाही.”

“मग पाचवी कापून टाकू,” कटर म्हणाला. “मशीन गरम आहे. चार बांधा, एक पोत्यात.”

“अजिबात नाही!” उस्तादांनी टेबलावर हात आपटला. “इतकी वर्षं पुस्तकं सोडवतोय, पण कुणाच्या पुस्तकातलं एक पान कमी केलेलं नाही. बांधायचं तर पूर्ण, नाहीतर नाही.”

“मीपण तेच म्हणतेय, उस्ताद,” भावजय म्हणाली. “कापायचं नाहीच. कापलेलं कापड परत येत नाही. आम्ही जास्तीचं आत दुमडून ठेवतो. पाचही जुड्या बांधा. फक्त चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये एक कोरा कागद घाला. जाड. काहीही न लिहिलेला.”

“म्हणजे?” मावसबहिणींतली थोरली म्हणाली.

“म्हणजे वाचणारा फाटकापाशी आला की थांबेल. मी थांबले होते तसा. मला ते नशिबानं मिळालं. तुम्हाला कुणालाच मिळालं नाही. तुम्ही फाटकातून सरळ मांडवात गेलात. ज्याला पुढं जायचंय त्यानं कागद उलटावा. ज्याला तिथंच थांबायचंय त्याला थांबता यावं.”

उस्ताद मान हलवत होते. “लेखकाच्या बोलण्यात आपण मध्ये बोलायचं नाही, पोरी. त्यानं तिथं कोरं पान ठेवलेलं नाही.”

“त्यानं पाच तुकडेही केलेले नाहीत,” ती म्हणाली. “दोरा कापताना तुम्ही कुणाला विचारलं होतंत?”

अरे देवा! कारखान्यात आजवर उस्तादांना असं कुणी बोललं नव्हतं. मालकही नाही. मी स्वतःला सुई म्हणवते, पण हे माझ्याच्यानं झालं नसतं. “ते वाचण्यासाठी,” उस्ताद म्हणाले.

“हेही वाचण्यासाठीच.”

“घ्या हात वर!” कटर घाईनं म्हणाला. उस्तादांची बाजू ढासळतेय हे त्याला कळलं होतं.

भावजयीनं हात वर केला. मी केला. कटरनं लगेच टोचलंच, “घरचं मत!” मी म्हटलं, “घरचं असतं तर रविवारीच दिलं असतं. तेव्हा मी तिला पोत्याचा सल्ला देत होते. आज तिनं माझं मत फिरवलं. तुझं फिरत नाही, कारण तुझ्या मानेला पातं बसवलंय.” मावसबहिणींत मात्र अघटित घडलं. धाकटीनं हात वर केला आणि थोरलीनं नाही. दोघींनी एकमेकींकडं असं पाहिलं, जणू आरशातल्या माणसानं डोळा मारला.

उस्ताद नको म्हणाले. कटर नको. थोरली नको. तीनास तीन. राहिल्या सिस्टर.

सिस्टर कपातल्या चहाकडं बघत होत्या. “मी एक सांगू का?” त्या म्हणाल्या. “मला लग्न आवडलं होतं.”

“काय?” आम्ही सगळेच.

“आवडलं होतं. मी दिवसभर माणसं कण्हताना ऐकते. त्या बाईला ताप आला आणि कुणीतरी तिच्या उशाशी येऊन बसलं, ते मला बरं वाटलं. पण तुम्ही पहिल्याच दिवशी असे तुटून पडलात की मी गप्प बसले. म्हटलं, उगाच कशाला हसं.”

मला चपराक बसल्यासारखं झालं. आम्ही! ‘छान आहे’ला दारातून हाकलणारे, निर्भीड मतांची मक्तेदारी सांगणारे आम्ही. आमच्याच टेबलाशी एक बाई हसं होण्याच्या भीतीनं आपलं मत गिळून बसली होती, आणि आम्ही त्याला एकमत म्हणत होतो.

“सिस्टर, तुमचं चुकतंय,” भावजय म्हणाली. थेट तोंडावर. “उशाशी बसायला तोच एक मिळाला होता का? ज्याच्या बापानं काटा मारायला लावला, त्याचा पोरगा? भाऊ होता की घरात.”

“भाऊ कामाला जायचा. तापात कोण बसतं ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे.”

“पण परत काट्यावर?”

“तिचं काम होतं ते. तिला येत होतं ते. खोटं वजन सोडलं तिनं, वजन करणं कशाला सोडायचं?”

हे भावजयीनं धरलं नव्हतं. मीही नव्हतं धरलं. “याचा विचार करते,” ती म्हणाली. “पण माझं मत तेच.”

“माझंही तेच,” सिस्टर म्हणाल्या आणि हात वर केला. “बांधा. मध्ये कागद घाला. तुम्ही अलीकडं थांबा, मी पलीकडं जाते.”

कटर म्हणाला, “हरलो बुवा. पण माझं म्हणणं लिहून ठेवा, पुस्तक भिकार आहे.”

“तुझं म्हणणं लिहायला कागद वाया घालवत नाही,” मी म्हटलं.

उस्ताद उठले. फळीवरून त्यांनी जाड कागदांचा गठ्ठा काढला, एकेक ताव उजेडात धरून पाहिला, दोन बाजूला टाकले, तिसरा ठेवला. मी म्हटलं, “उस्ताद, तुम्ही तर नको म्हणालात. मी कापते की.”

“माझा विरोध आहेच,” ते म्हणाले. “पण कागद वाकडा लागला तर बाहेर नाव माझं जाईल. सरक.”

त्यांनी कागद मापात कापला. मी दोरा ओवला आणि मशीनला हात न लावता हातानंच शिवायला बसले. पहिली जुडी, दुसरी, तिसरी, चौथी. मग तो कोरा ताव. तो जागेवर बसवताना भावजय माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास मानेला लागत होता. “टाके लांब घेऊ नका, ताई,” ती म्हणाली. मी इतकी वर्षं पुस्तकं शिवतेय! पण टाके खरंच लांब पडले होते. उसवले आणि पुन्हा घेतले.

खळ लावली, कापडी पाठ चढवली आणि पुस्तक दाबयंत्रात घातलं. चाक तिनंच फिरवलं, दोन्ही हातांनी, दात आवळून. कटर तोंडानं नावं ठेवत ठेवत पाठीवर चिकटवायची नावाची पट्टी सरळ कापत होता. सिस्टर निघून गेल्या होत्या; जाताना भावजयीला म्हणाल्या होत्या, “पुढच्या वेळी तापावर बोलू. तयारी करून या.” आणि ही म्हणाली होती, “तुम्हीपण.”

खळ वाळायला वेळ लागतो. मी म्हटलं, “चल, सोमवारी काढू.” तर ती स्टूल ओढून दाबयंत्रासमोर बसली. एखाद्या बाईनं आपलं बाळ दुसऱ्याच्या हवाली करायला नकार द्यावा तशी.

तेवढ्यात भावाचा फोन आला. “अगं ताई, कुठं आहात दोघी? जेवायचं काय?”

मी तिच्याकडं पाहिलं. हाताला खळ, कपाळाला खळ, आणि नजर त्या लोखंडी चाकावर.

“बाहेरून काहीतरी आण आणि इकडंच घेऊन ये,” मी म्हटलं. “तुझी बायको कामात आहे.”